पतंगांच्या कामगंधाची ओळख आणि कीड-सापळे : गुलाबी बोंडअळीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

कपाशीच्या शेतात काठीला टांगलेला कामगंध सापळा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्या झाकणाखाली बसविलेल्या लहानशा रबरी तुकड्यास ल्युर म्हणतात. त्यातून पसरणारा गंध माणसाला जाणवत नाही. नर पतंग मात्र त्याच्या मागावर सापळ्यापर्यंत येतात. हा गंध नेमक्या कोणत्या रसायनांचा आहे, हे ठरविणे कीटकशास्त्र व रसायनशास्त्र या दोन्ही शाखांची कसोटी पाहणारे काम होय. ओळख चुकली तर सापळा रिकामा राहतो आणि शेतात कीड नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ही ओळख कशी पटविली जाते व तिची अंतिम कसोटी कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कामगंधाच्या शोधाची पार्श्वभूमी :

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच कीटकनिरीक्षक फाब्र यांनी जाळीखाली ठेवलेल्या मादी पतंगाकडे अंधारात दुरून नर येतात, परंतु मादीला हवाबंद पात्रात ठेवल्यास येत नाहीत, असे नोंदविले होते. या आकर्षणामागील रसायन हाती येण्यास मात्र १९५९ साल उजाडावे लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनान्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे वीस वर्षांच्या परिश्रमानंतर, सुमारे ५ लाख रेशीम पतंग माद्यांच्या ग्रंथींपासून 'बॉम्बिकॉल' हे अल्कोहोल वेगळे केले. त्याच वर्षी कार्लसन व ल्युशर यांनी अशा पदार्थांसाठी 'फेरोमोन' ही संज्ञा सुचविली. मराठीत मीलनासाठी आकर्षित करणाऱ्या फेरोमोनला कामगंध असे म्हटले जाते.

ओळख पटविण्याची पद्धती :

आज या कामासाठी लाखो माद्यांची गरज उरलेली नाही. मादी ठराविक वेळी उदराच्या टोकाकडील ग्रंथी बाहेर काढून गंध सोडते. त्या वेळी ग्रंथी कापून हेक्झेनसारख्या द्रावकात बुडविली जाते. एका ग्रंथीतून मिळणारे द्रव्य सामान्यतः नॅनोग्रॅममध्ये मोजावे इतके अल्प असते आणि त्यात इतरही अनेक पदार्थ मिसळलेले असतात.

त्यांतील कामाचा पदार्थ निवडण्यासाठी नर पतंगाच्या शृंगिकेचाच उपकरण म्हणून उपयोग केला जातो. शृंगिकेत उमटणारा विद्युत्‌-प्रतिसाद मोजण्याची पद्धत डीट्रिख श्नायडर यांनी १९५७ मध्ये मांडली. पुढे तिची गॅस क्रोमॅटोग्राफीशी सांगड घालण्यात आली. या उपकरणात अर्कातील घटक एकामागून एक वेगळे होऊन बाहेर पडतात. प्रत्येक घटकाचा एक भाग यांत्रिक शोधकाकडे, तर दुसरा शृंगिकेकडे जातो. ज्या घटकाला शृंगिका प्रतिसाद देते, त्याचा पुढे मास स्पेक्ट्रोमेट्रीने अभ्यास होतो. कार्बन साखळीची लांबी, द्विबंधाचे स्थान आणि तो सिस आहे की ट्रान्स, हे ठरवून तो पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला जातो व नैसर्गिक घटकाशी ताडून पाहिला जातो.

तथापि शृंगिकेचा प्रतिसाद म्हणजे आकर्षण नव्हे. नर तो गंध ओळखतो एवढेच त्यावरून सिद्ध होते; तो त्या दिशेने उडेल असे नव्हे. शिवाय बहुतेक पतंगांचा कामगंध हे एकाहून अधिक घटकांचे मिश्रण असते आणि त्यांचे प्रमाण निर्णायक ठरते. युरोपीय मका खोडकिडीच्या दोन प्रकारांत तेच दोन समघटक जवळजवळ उलट प्रमाणात आढळतात. त्यामुळे एका प्रकाराच्या ल्युरकडे दुसऱ्या प्रकाराचे नर सहसा येत नाहीत. म्हणूनच वातबोगद्यातील चाचणी व त्यानंतर शेतातील सापळ्यांची चाचणी या पायऱ्या अनिवार्य ठरतात.

चुकलेली ओळख :

या संदर्भात गुलाबी बोंडअळीचा इतिहास उद्बोधक आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी 'प्रोपिल्युर' हे या पतंगाचे आकर्षक रसायन असल्याचे जाहीर केले. परंतु इतरत्र तयार केलेल्या शुद्ध प्रोपिल्युरकडे नर आकर्षित होईनात. त्यानंतर अनेक रसायनांच्या चाचण्यांतून 'हेक्झाल्युर' हाती आले; मात्र ते दुर्बल आकर्षक होते आणि मादीच्या ग्रंथीतील खरे द्रव्यही नव्हते.

अखेर १९७३ मध्ये हुमेल, गॅस्टन, शोरी व सहकाऱ्यांनी खरा कामगंध ओळखला. त्याला 'गॉसिप्ल्युर' असे नाव मिळाले. तो सोळा कार्बनांच्या सरळ साखळीच्या अ‍ॅसिटेटचे दोन समघटक सुमारे समप्रमाणात असलेले मिश्रण आहे. दोन्ही समघटकांत सातव्या स्थानावरील द्विबंध सिस असतो. अकराव्या स्थानावरील द्विबंध मात्र एकात सिस व दुसऱ्यात ट्रान्स असतो. प्रोपिल्युर व गॉसिप्ल्युर यांचे रेणुसूत्र एकच आहे. फरक आहे तो केवळ अणूंच्या मांडणीचा. कागदावर किरकोळ भासणारा हा फरक नर पतंगाच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न गंध ठरला.

सापळ्यातील संख्येचा अर्थ :

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. भारतात बीटी कपाशी २००२ मध्ये व तिचे दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. कालांतराने गुलाबी बोंडअळीने या दोन्हींना प्रतिकारक्षमता मिळविली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भासह राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ही अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. त्यानंतरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजेच उशिरा केलेली फवारणी कीड मारीत नाही, मात्र फवारणाऱ्याला धोका तेवढाच असतो.

सलग तीन रात्री प्रति सापळा ८ किंवा अधिक नर पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत, अशी शिफारस या किडीसाठी केली जाते. ल्युरमधील समघटकांचे प्रमाण बिघडलेले असेल, त्याची मुदत संपलेली असेल किंवा दुसऱ्याच किडीचा ल्युर बसविला असेल, तर या संख्येला अर्थ उरत नाही. सापळ्यात केवळ नर सापडतात व मीलन झालेल्या माद्या अंडी घालीतच राहतात, ही मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. त्यामुळे सापळा हे मुख्यत्वे टेहळणीचे साधन आहे. शेतभर गॉसिप्ल्युर पसरवून नरांना माद्या सापडू न देणे, हा त्याचा दुसरा उपयोग होय. अमेरिकेने हा उपाय, बीटी कपाशी व वंध्य पतंग यांची जोड देऊन ही कीड आपल्या कपाशी क्षेत्रातून नष्ट झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले.

निष्कर्ष :

कामगंधाची ओळख ही केवळ रासायनिक विश्लेषणाने पूर्ण होत नाही. उपकरणे रेणूची रचना सुचवितात, शृंगिका तिची निवड करते. परंतु अंतिम निर्णय शेतातील नर पतंगाचाच असतो. महाविद्यालयीन स्तरावर प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी परिसरातील शेतांत सापळे लावून रोजच्या नोंदी ठेवण्याचे प्रकल्प एकत्रितपणे हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना समघटकतेसारखी संकल्पना प्रत्यक्ष अनुभवता येईल आणि शेतकऱ्यांनाही फवारणीची वेळ ठरविण्यास विश्वसनीय आधार मिळेल.