फॉरमॅटचे बटण दाबण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गंगाखेडहून परभणीला आला तो थेट माझ्या घरी. पाणीही न पिता त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाला, "आपा, इसमें अब्बा की आवाज है..." मग थांबून म्हणाला, "मतलब, थी."

आमचे अब्बा मरहूम प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने, म्हणजे भावाच्या मुलाने, त्यांना अंगणातल्या उन्हात बसवून जुन्या गोष्टी सांगायला लावल्या आणि मोबाइलवर त्या उतरवून घेतल्या. एकूण ११ फायली होत्या. पुढे मोबाइल बदलला आणि त्या फायली फक्त या पेनड्राइव्हवर उरल्या.

मुलगा एक फॉर्म छापायला दुकानात गेला. तिथल्या संगणकाने विचारले, "हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?" रांग मोठी होती. त्याने घाईत 'हो' दाबले. चार दिवसांनी त्याच पेनड्राइव्हवर एका लग्नाचे फोटो टाकले, आणि मग कुणाला तरी अब्बांच्या फायलींची आठवण झाली.

त्या रात्री काय झाले ते शेवटी सांगते. आधी ही वेळ आपल्या घरी येऊ नये आणि आलीच तर काय करावे, ते पाहू.

माझ्या घरचा संगणक जुना आहे. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकले आहे. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहिला. तो मोफत आहे आणि कुणालाही वापरता येतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅकनेही २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती आणली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, तेव्हा जुने संगणक असलेल्या अनेक घरांत लिनक्सचा विचार होऊ लागला आहे. मात्र पेनड्राइव्ह लावला आणि चालला नाही की दोष लिनक्सवर येतो. बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो.

दिसतच नाही

आधी जागा बदला. संगणकाच्या पुढच्या बाजूची छिद्रे आतून वायरीने जोडलेली असतात आणि ती सैल होतात. मागची छिद्रे थेट मुख्य पाटीवर असतात, म्हणून पेनड्राइव्ह मागे लावून पाहा. मधला हब किंवा लांब वायर काढून टाका.

तरीही काही दिसले नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणे एकत्र दाबा. उबुंटूमध्ये काळी खिडकी उघडते, तिला टर्मिनल म्हणतात. घाबरू नका, इथे आपण फक्त बघणार आहोत. छोट्या इंग्रजी लिपीत एल-एस-बी-एल-के ही पाच अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. संगणकाला जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी येईल. एकदा पेनड्राइव्ह न लावता यादी घ्या, एकदा लावून घ्या. दुसऱ्या वेळी जी ओळ नव्याने आली, ती आपल्या पेनड्राइव्हची. तिचा आकारही तपासा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह १५ च्या आसपास दिसतो. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या.

यादीत आकार शून्य दिसला, किंवा कोणत्याही संगणकात नवी ओळच आली नाही, तर बिघाड पेनड्राइव्हच्या आतल्या भागात आहे. तिथे घरगुती इलाज चालत नाही.

दिसतो, पण उघडत नाही

पेनड्राइव्हवर फायली कशा लावायच्या याच्या ठरलेल्या पद्धती असतात. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके विषयाने लावतात की नंबराने, तसेच हे. फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस या नेहमीच्या तीन पद्धती. एक्सफॅट वाचण्याची पक्की सोय लिनक्सच्या गाभ्यात २०२० साली, ५.७ या आवृत्तीपासून आली. म्हणून नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजवर उघडतो आणि जुन्या लिनक्सवर उघडत नाही, असे होते. अशा वेळी लिनक्सची नवी आवृत्ती घ्यावी किंवा एक्सफॅटचे छोटे पॅकेज टाकावे. पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याची काहीच गरज नसते.

याच्या उलटही होते. पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही लग्नाचा व्हिडिओ त्यावर जात नाही. फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी ठेवता येत नाही, हे त्याचे कारण.

उघडतो, पण काही लिहू देत नाही

'रीड-ओन्ली' असा संदेश येतो. मांडणीत गोंधळ दिसला की लिनक्स स्वतःहून लिहिणे बंद करते, म्हणजे नुकसान वाढत नाही. या संदेशाचा राग धरू नका, तो आपल्या भल्याचा आहे. आधी सगळ्या फायली संगणकावर उतरवून घ्या. मग 'डिस्क्स' नावाचे साधन उघडा, पेनड्राइव्ह निवडा आणि त्याच्या मेनूतून 'रिपेअर फाइलसिस्टीम' करा. क्रम उलटा करू नका. आधी प्रत, मग दुरुस्ती. दुरुस्तीनंतरही पेनड्राइव्ह लिहू देत नसेल तर बहुधा त्याचे आयुष्य संपले आहे. त्यातल्या प्रत्येक कप्प्यावर ठराविक वेळाच लिहिता येते.

फायलींच्या जागी शॉर्टकट

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हची ही जुनी व्याधी. सगळी फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. हा व्हायरस मूळ फोल्डर मिटवत नाही, विंडोजच्या नजरेआड करतो. विंडोजची लपवण्याची खूण लिनक्स मानत नाही. लिनक्समध्ये ज्या नावाच्या सुरुवातीला टिंब असते तीच फाइल लपते. त्यामुळे असा पेनड्राइव्ह लिनक्सवर लावला की मूळ फोल्डर समोर दिसतात. कधी सगळ्या फायली एखाद्या बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवलेल्या असतात, तेही उघडून पाहा. हव्या त्या फायली उतरवा आणि शॉर्टकट मिटवा. माझ्याकडे विद्यार्थ्यांचे असे कितीतरी पेनड्राइव्ह येतात आणि हसत परत जातात.

फाइल उघडते, अक्षरे फुटतात

हा प्रश्न आपल्या उर्दू-मराठी घरांत जास्त येतो, पण त्यात पेनड्राइव्हचा संबंध नसतो. उर्दूची इनपेजमध्ये केलेली फाइल लिनक्सवर उघडत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी पत्र इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसते. फाइल शाबूत असते. जिथे ती तयार झाली त्याच संगणकावर तिची पीडीएफ करून आणा. पुढच्या वेळी दोन्ही भाषा युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे कुठेही वाचता येतील.

अब्बांच्या फायली

आता त्या रात्रीकडे येते. झटपट फॉरमॅट केल्यावर संगणक फायली पुसत नाही. तो पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडतो, पाने आत तशीच राहतात. पण अनुक्रमणिका गेली की सगळी पाने कोरी समजली जातात, आणि नवे काही लिहिले की त्यातली काही पाने खरोखर झाकली जातात. म्हणून फायली हरवल्या हे कळताच त्या पेनड्राइव्हवर एक अक्षरही नवे लिहू नये. तो काढून बाजूला ठेवावा.

मी आधी 'डिस्क्स' मधून पूर्ण पेनड्राइव्हची हुबेहूब प्रत संगणकावर घेतली. तिला डिस्क इमेज म्हणतात. मग पेनड्राइव्ह परत रुमालात गुंडाळला. जे काही चुकायचे ते प्रतीवर चुकावे, मूळ वस्तू अमानत आहे. त्या प्रतीवर फोटोरेक नावाचे मोफत साधन चालवले. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी ते लिहिले आहे. उबुंटूमध्ये ते टेस्टडिस्क या पॅकेजबरोबर येते. नाव फोटोचे असले तरी ते आवाज, व्हिडिओ, कागदपत्रे, सगळे शोधते. सापडलेल्या फायली संगणकावरच ठेवायच्या, पेनड्राइव्हवर कधीही नाही.

फोटोरेक फायली देते, पण त्यांची नावे देत नाही. समोर नुसते आकडे आले. कोणती फाइल कशाची हे कळायला एकेक लावून ऐकावी लागली. एकात कुठली तरी नात होती, एकात मोबाइलची घंटा. आणि मग अब्बांचे खाकरणे. नंतर त्यांची ती नेहमीची सुरुवात, "तो हुआ यूँ..." भाऊ उठून खिडकीपाशी गेला.

पहाटेपर्यंत ९ फायली मिळाल्या, २ मिळाल्या नाहीत. त्यांच्या जागेवर लग्नाचे फोटो बसले होते. भाचा सांगत होता, त्यातल्या एकीत अब्बा जिंतूर तालुक्यातल्या पहिल्या नोकरीची आणि सायकलीची गोष्ट सांगतात. ती आता आम्हाला जेवढी आठवते तेवढीच. मुलगा रडवेला झाला होता. मी त्याला एवढेच म्हटले, "बेटा, बटण तू दाबलंस, पण दुसरी प्रत ठेवायला आम्हीही विसरलो होतो."

एवढे पाळा

पेनड्राइव्ह कधीही उपसून काढू नका. लिनक्सवर कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसते, पण काही भाग अजून संगणकाच्या स्मृतीत असतो. फाइल्सच्या खिडकीत पेनड्राइव्हच्या नावाजवळची बाहेर काढण्याची खूण दाबा, आणि 'आता काढा' असा निरोप आल्यावरच काढा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून अधिक इथल्याच असतात.

फारच स्वस्त आणि अफाट क्षमतेचा पेनड्राइव्ह दिसला तर जपून. काहींवर लिहिलेली क्षमता खोटी असते. लिनक्सवरचे एफ-थ्री हे साधन पेनड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरी जागा सांगते. ही तपासणी रिकाम्या पेनड्राइव्हवरच करा.

अब्बांच्या फायली परत आल्या त्याच वाटेने तुमचे मिटवलेले खासगी फोटोही परत येऊ शकतात, हे ध्यानात ठेवा. घरच्या बायका-मुलींचे फोटो असलेला पेनड्राइव्ह मिटवून दुसऱ्याला देऊ नका. द्यायचाच असेल तर 'डिस्क्स' मध्ये शून्यांनी पूर्ण पुसण्याचा पर्याय घेऊन मग द्या.

लिनक्स शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे मोफत धडे मराठीतही आहेत. आमच्या भाच्याने तिथूनच सुरुवात केली आहे.

अब्बांच्या ९ फायली आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत माझ्याकडे, एक गंगाखेडला भावाकडे आणि एक भाच्याच्या संगणकावर. प्रत्येक फाइलला त्याने स्वतः नाव दिले आहे. अम्मी दर जुम्म्याला त्यातली एक ऐकतात. तुमच्या घरातही असा एखादा आवाज एकाच पेनड्राइव्हवर असेल. आज रात्री जेवणानंतर त्याची दुसरी प्रत काढून ठेवा.