रात्री घोरणं, पहाटे धडधड
लेखमाला : नाडी आणि आपण – लेखांक ६

गेल्या आठवड्यात एट्रियल फिब्रिलेशनची ओळख झाली. हृदयाचे वरचे दोन कप्पे तालात आकुंचन पावायचं सोडून नुसतेच थरथरतात, नाडी वेडीवाकडी चालते, आत रक्त साकळून गुठळी होते आणि अर्धांगवायूचा धोका साधारण पाचपट होतो, इथवर आपण आलो होतो. हे दुखणं मुळात जडतं कशानं, हा आजचा विषय. बीपी, वय, झडपांचे आजार, थायरॉइड, दारू ही कारणं डॉक्टर तपासतातच. आणखी एक कारण मात्र दवाखान्याच्या वेळेत दिसत नाही, कारण ते रात्री घडतं आणि ज्याला होतं त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

पत्ता असतो तो शेजारी झोपणाऱ्या माणसाला. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही घरात कारभारणीला विचारा : "हे घोरतात ते घोरतात, पण मधेच एकदम गप होतात. श्वासच येत नाही. मग दचकून मोठा श्वास घेतात, कूस बदलतात, पुन्हा तेच." हे वर्णन म्हणजे जवळजवळ निदानच आहे. या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले. डॉक्टरांनी कारण सांगताना हे नाव घेतलं, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. तरीही आपल्या घरातल्या घोरण्याशी त्याचा संबंध फारसा कुणी जोडला नाही.

त्या गप्प होण्यात नेमकं काय चालतं, ते नीट पाहू. गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. छाती मात्र श्वास ओढतच राहते. विहिरीतला फुटव्हॉल्व्ह गाळानं बुजला आणि वर पंप चालूच राहिला, तर सक्शनचा रबरी पाइप कसा आत ओढला जाऊन चपटा होतो, ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तसंच ओढीचं बळ इथे छातीच्या पोकळीत तयार होतं आणि त्या पोकळीतच हृदय आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती पातळ असतात. प्रत्येक वेळी त्या बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात.

इकडे रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. पंचाण्णववरून नव्वद, पंच्याऐंशी, काहींचा त्याच्याही खाली. सुरुवातीला हृदयाचा वेग मंदावतो, काहींचे तर दोन-तीन सेकंद ठोकेच पडत नाहीत. मग मेंदूला धोक्याची जाणीव होते, तो झोपणाऱ्याला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो आणि त्याच क्षणी ॲड्रेनॅलिनचा लोंढा येतो. बीपी उसळतं, नाडी धावते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही.

श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, तर ती एक वेळ धरतात. श्वास पूर्ण न थांबता अर्धवट अडला आणि ऑक्सिजन उतरला, तर तीही मोजतात. तासाला पाचपर्यंत असेल तर काळजी नाही, पंधराच्या पुढे मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा वर सांगितलेला सगळा प्रकार. हे वर्षानुवर्षं चाललं की ताणलेला कप्पा मोठा होतो, त्याच्या स्नायूत चिवट तंतू वाढतात आणि विजेचा संदेश सरळ वाटेनं जायचा तो अडखळू लागतो. फुफ्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरा डाव्या कप्प्याला जिथे मिळतात, तिथूनच एट्रियल फिब्रिलेशनच्या ठिणग्या उडतात, हे फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. नेमक्या याच भागाला रात्रभर ताण बसत असतो.

एक खूण सहसा दुसऱ्याच खात्यावर मांडली जाते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, आणि माणूस शुगर किंवा प्रोस्टेट तपासून घेतो. ते तपासावंच. पण ताणलेला वरचा कप्पा एक हार्मोन सोडतो आणि ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगतं. लघवीला उठणं, पहाटे तोंड कोरडं पडणं, सकाळी डोकं जड असणं, तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी न उतरणं, पहाटेची धडधड, या गोष्टी एकाच माणसात दिसल्या तर झोपेची चौकशी झालीच पाहिजे.

दोन्ही आजार किती वेळा एकत्र येतात, याचा अंदाज अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००४ च्या अभ्यासातून येतो. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांपैकी ४९ टक्क्यांत स्लीप ॲप्नियाची लक्षणं होती. त्याच विभागात हृदयाच्या इतर तक्रारी घेऊन आलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्के जणांचा श्वास झोपेत अडत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्यामुळे दिवसाही त्रास होता. खेड्यातही झोपेचा प्रश्न विचारला गेला आहे. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन चालतं. आफ्रिका आणि आशियातल्या आठ देशांतल्या पन्नाशीपुढच्या चाळीस हजारांहून अधिक लोकांच्या झोपेवरचा जो अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात वढू होतं. पण तिथे झोपेची काही तक्रार आहे का, असं ज्याचं त्यालाच विचारलं होतं. स्लीप ॲप्नियाच्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, "पडल्या पडल्या लागते." म्हणून हा आजार प्रश्नावलीतूनही निसटतो.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे, की हा लठ्ठ शहरी माणसांचा आजार. वजन आणि जाड मान ही मोठी कारणं आहेतच. पण आशियाई लोकांच्या जबड्याची ठेवणच अशी असते, की फारसं वजन नसतानाही घसा अरुंद पडतो. दिवसभर कांदा काढणारा काटक माणूसही यातून सुटेलच असं नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला जाणाऱ्याची झोप तशीही तुटते. बिबट्याच्या भीतीनं जीव मुठीत धरून बारे देऊन आल्यावर दुपारी डोळा लागणं साहजिक आहे. पण लाइट दिवसाची असतानाही, रात्री आठ तास झोपूनही, माणूस चावडीवर बसल्या बसल्या पेंगत असेल तर दोष पाळीचा नाही. नारायणगावचा टोमॅटो नाही तर मंचरचा भाजीपाला घेऊन रात्री महामार्गाला लागणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी तर हा प्रश्न हृदयाच्याही आधीचा आहे. उपचार न झालेल्या स्लीप ॲप्नियात अपघाताचा धोका दुपटीहून जास्त असतो.

मग करायचं काय? नाडी अनियमित लागली की ईसीजी काढतात, तो मंचरला उपजिल्हा रुग्णालयात काय किंवा गावच्या दवाखान्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी बरोबर आलेल्या माणसाला घोरण्याबद्दल विचारावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तर घरच्यांनी आपण होऊन सांगावं. शक्य असेल तर मोबाइलवर रात्रीचा दोन मिनिटांचा आवाज टिपून न्यावा. पुढची तपासणी आता घरीही होते. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिमीटर, आणि रात्रभराची नोंद. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल, पण जाग आल्यावर तो लावून काही कळत नाही, कारण तोवर आकडा वर आलेला असतो.

उपचारात सर्वांत प्रभावी यंत्र सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगापुढे मांडलं. मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब घशात सोडायचा, म्हणजे वाट मिटत नाही. घोरणं पहिल्याच रात्री थांबतं, दिवसाची झापड जाते, बीपीही थोडं उतरतं. हृदयाच्या तालाबद्दल मात्र जपून बोलायला हवं. २००३ च्या एका अभ्यासात शॉक देऊन ताल सुधारलेल्या रुग्णांपैकी ॲप्नियाचा उपचार न घेणाऱ्या ८२ टक्क्यांत वर्षभरात बिघाड परतला, घेणाऱ्यांत ४२ टक्क्यांत. पण नंतर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या एका छोट्या चाचणीत पाच महिन्यांत तालात असा फरक दिसला नाही. त्यामुळे यंत्रानं एट्रियल फिब्रिलेशन बरं होतं, असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान डोलावू नये. वजनाचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला २०१५ मध्ये दिसलं, की ज्यांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं, त्यांचा ताल सुरळीत राहण्याची शक्यता सहापट होती. कुशीवर झोपणंही पुष्कळांना उपयोगी पडतं. संध्याकाळची दारू तर दोन्हीकडून मारते. ती घसा सैल करते आणि ताल बिघडवते. घोरणाऱ्यानं झोपेची गोळी मनानं घेऊ नये, तिनंही काहींचा घसा आणखी सैल पडतो.

यंत्र घेणाऱ्यांनी विजेचा विचार आधी करावा. गावठाणात रात्रभर लाइट असते, पण मळ्यातल्या वस्तीवर सिंगल फेजचा भरवसा नसेल, तर इन्व्हर्टर किंवा बॅटरीची सोय हवी. लाइट गेली की यंत्र बंद पडतं. तेव्हा माणूस जागा होतो किंवा मुखवटा काढून ठेवतो आणि पुन्हा जुना खेळ सुरू होतो. आणि ताल सुधारला, घोरणं थांबलं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आपण होऊन बंद करू नये. ती कुणाला लागते, कुणाला नाही आणि किती दिवस, हे पुढच्या लेखांकात.