मिसळीचा मुदपाकखाना

ज्या उपाहारगृहात पदार्थांची यादी भिंतीवर टांगलेली नसते, 'काय घेणार?' असे कोणी विचारीत नाही आणि बाकावर टेकताच केवळ 'किती?' एवढीच पृच्छा होते, त्या उपाहारगृहाविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. दहा पदार्थ करणाऱ्या आचाऱ्याचा एखादा पदार्थ एखादे दिवशी बिघडला, तर उरलेले नऊ त्याची अब्रू सांभाळतात. पण ज्याने आपले नाव, भांडवल आणि उमेदीची वर्षे एकाच पदार्थाच्या हवाली केली, त्याच्यासाठी असा जामीन राहणारा कोणी नसतो. आपल्याकडे हे धाडस मिसळवाल्यांनी केले, आणि मोठ्या संख्येने केले.

ठाण्याचेच पाहा. दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी, तारखेसाठी खेड्यापाड्यांतून आलेली रयत जेथे तासन् तास तिष्ठत असे, त्या मामलेदार कचेरीलगत मुर्डेश्वर कुटुंबाने १९४६ साली उपाहारगृह काढले, आणि तेथील तिखट रश्शाचा लौकिक असा पसरला की पुढे कचेरीशी काडीचेही काम नसलेले लोक केवळ मिसळीसाठी कचेरीचा रस्ता विचारू लागले. पुण्यात नारायण पेठेतील बेडेकरांची मिसळ किंचित गोडीकडे झुकते आणि ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते. नाशिकला काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव आणि जोडीला पापड. दादरच्या 'आस्वाद'मधील मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत उत्कृष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु तेथे मिसळीच्या पंक्तीला थालीपीठही असते आणि साबुदाणा वडाही, म्हणून ते घराणे निराळे.

कोल्हापुरातील एका जुन्या दुकानाच्या मालकांपाशी मिसळ होताना पाहण्याची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा 'खायची सोडून बघताय कशाला?' असे म्हणत का होईना, त्यांनी मला पहाटे मुदपाकखान्यात येण्याची परवानगी दिली. दुकानातली मंडळी त्यांना अण्णा म्हणतात. मीही तसेच म्हणू लागलो.

मी पोचलो तेव्हा कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेल्या पंचाच्या गाठोड्यांतून मटकी बाहेर निघत होती. आज सकाळी ताटलीत पडणारी मटकी परवाच्या संध्याकाळी भिजत घातलेली असते: रात्रभर पाण्यात, काल सकाळी निथळून पंचात, आणि तेथून आज पहाटेपर्यंत अंधारात व उबेत. थंडीच्या दिवसांत ही गाठोडी चुलीच्या कडेला सरकवावी लागतात आणि उन्हाळ्यात तीच दारापाशी आणावी लागतात, कारण मोड दाण्याएवढा झाला की थांबला पाहिजे असा अण्णांचा दंडक आहे. लांबलेला मोड शिजताना तुटतो आणि उसळीला पाणचटपणा येतो. हळद, मीठ आणि बेताचे पाणी घालून मटकी चुलीवर चढली, आणि अण्णांनी थोड्या थोड्या वेळाने एकेक दाणा काढून चिमटीत दाबून पाहिला. दाणा दबावा पण फुटू नये, ही ती अवस्था. मटकी उपसल्यावर खाली राहिलेले पिवळसर पाणी मोरीत न जाता एका झाकणाच्या पातेल्यात गेले, कारण कटाला अंग येते ते त्याच पाण्याने.

कोल्हापूरकर ज्याला कट म्हणतो त्या पातळ, लालभडक रश्शावरच या दुकानाची सारी मदार आहे, आणि तेथे मालकांवाचून कोणाचा हात लागत नाही. सुके खोबरे लोखंडी कढईत तांबूस होईतो भाजले जाते, मग कांदा, मग तीळ, खसखस, धने, लवंग, दालचिनी, दगडफूल, आणि शेवटी लसूण व आले. प्रत्येक जिन्नस निराळा भाजायचा, कारण खसखस ज्या आचेवर करपते त्या आचेला धने अजून कच्चेच असतात. हे सारे गंधासारखे मुलायम वाटले की कढईत तेल ओतले जाते, आणि ते इतके की पाहणाऱ्याने मनातल्या मनात हात आखडावा. त्या तेलात वाटण परतताना अण्णा दीर्घकाळ काही बोलले नाहीत. वाटणाच्या कडेने तेल सुटू लागले, तेव्हा त्यांनी कढई विस्तवावरून खाली घेतली, कांदा-लसूण मसाला आणि चटणीची पूड त्यात लोटली, आणि दुसऱ्याच क्षणी शेजारच्या चुलीवर खळखळणाऱ्या पाण्याचा तांब्या वरून सोडला. एवढ्यात जो ठसका उठला त्याने सारा मुदपाकखाना खोकू लागला. अण्णांच्या डोळ्यांतून मात्र पाणी आले नाही.

"पाणी कढतच पाहिजे," ते म्हणाले. "गार घातलं की कट बसला म्हणून समजा. मग तासभर उकळा, वर यायचा न्हाई."

त्यांच्या या बोलण्यामागे रसायनशास्त्र उभे आहे. मिरचीचा तांबडा रंग आणि तिचा तिखटपणा हे दोन्ही पाण्यात जवळजवळ न विरघळणारे व तेलात सहज विरघळणारे आहेत; पूड तापलेल्या तेलात पडताच तेल ते दोन्ही गुण शोषून घेते, आणि पाण्याहून हलके असल्यामुळे तवंग होऊन वर येते. पूड विस्तवावर क्षणभर अधिक राहिली तर ती काळवंडते आणि कडू होते. म्हणून कढई खाली घेणे, पूड लोटणे आणि कढत पाणी सोडणे या तीन क्रियांमध्ये श्वास घेण्यापुरतीही सवड नसते. तोंड भाजल्यावर पाणी पिऊन काही उपयोग होत नाही आणि दह्याने मात्र उतार पडतो, याचेही मर्म तेथेच आहे: दुधातील प्रथिने तो तिखटपणा जिभेवरून उचलून नेतात, पाणी त्याला नुसते तोंडभर फिरवते.

सात वाजता फळ्या उघडल्या आणि वाढपी उभा राहिला. त्याच्यापुढे बटाट्याची भाजी, मटकी, फरसाण, शेव, बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर अशी भांडी मांडलेली होती, आणि हात एकीकडून दुसरीकडे जाताना त्याची नजर भांड्यांकडे नव्हती, दारातून आत येणाऱ्या माणसांकडे होती. तळाला भाजी, तीवर मटकी, तीवर फरसाणाची मूठ, मग कटाची पळी. पळी प्रथम तवंगाखाली बुडवून रस्सा घ्यायचा आणि वर येताना तवंगाची एक पातळ साय उचलायची, अशी तिची दुहेरी चाल होती. कांदा नि लिंबाची फोड सर्वांत शेवटी. दोन दिवस मोडाची वाट पाहणाऱ्या या पदार्थाला एकदा कट पडल्यावर पळभरही धीर नसतो, कारण फरसाण भिजत जाते आणि खाणाऱ्याच्या दाताखाली ते अर्धे कुरकुरीत लागले पाहिजे. एकच पदार्थ करण्याचा खरा लाभ येथे दिसतो: हुकूम येण्याची वाटच पाहावी लागत नाही, गिऱ्हाईक बाकावर टेकण्याच्या आत ताटली तयार होऊ लागते.

आणि मग तो कट फिरतो. हातात किटली घेतलेला पोरगा बाकांच्या ओळींतून सतत येरझारा घालतो, 'कट, कट' म्हणत प्रत्येकाच्या ताटलीत ओततो, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. जादा पावाचे पैसे पडतात. ज्या जिनसेला सर्वांत अधिक तेल, मसाला आणि कसब लागते तीच येथे मुक्तहस्ते वाटली जाते, आणि माझ्या मते हा दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यामधला अलिखित करारनामा आहे. जेथे कट वाटीच्या मापाने मिळू लागतो आणि दुसऱ्या वाटीला दाम पडतो, तेथे मी पुन्हा जात नाही. अलीकडे मिसळीवर चीज किसणारी, तिची थाळी करून भोवती गुलाबजाम आणि ताक मांडणारी प्रशस्त दुकाने निघाली आहेत. तेथे कुटुंबे आनंदाने जातात आणि त्यांच्या आनंदाला माझा विरोध नाही. परंतु आचाऱ्याचे लक्ष जितक्या वाट्यांत विभागले जाते तितका कट निस्तेज होतो, हे मी जिभेने अनुभवलेले आहे आणि ते माझ्या मनाला लागते.

दुपारी बारापूर्वी पातेले संपले. दारात आणखी माणसे उभी होती, त्यांना हात जोडून परत पाठवण्यात आले. 'आणखी थोडी करता आली नसती का?' असे मी विचारले, तेव्हा अण्णांनी रिकाम्या पंचाकडे बोट दाखवले. मागणी वाढली म्हणून मटकीला मोड येत नाही. परवा किती माणसे येतील याचा अंदाज आज बांधावा लागतो, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी पंचांग, आकाश आणि स्मरण एवढीच साधने आहेत: एकादशीला विक्री बसते, श्रावणात मटण सोडलेले लोक इकडे वळतात, मुसळधार पावसात तालमीतली पोरे येतात पण बाहेरगावचे येत नाहीत.

त्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी पितळी मापाने मटकी पातेल्यात पडू लागली आणि नेहमीचा आकडा झाल्यावर पोरगा थांबला.

"अजून दोन टाक," अण्णा म्हणाले. "परवा रविवार हाय, पाऊस उघडलाय. अंबाबाईला गर्दी होणार."

पोरग्याने दोन मापे आणखी घातली आणि नळ सोडला.