पिट्सबर्गची दोन दफ्तरे

अलेघेनी आणि मोनोंगहेला या नद्या जेथे एकत्र येऊन ओहायो नदीस जन्म देतात, त्या पोलादाच्या कारखान्यांसाठी एके काळी विख्यात असलेल्या पिट्सबर्ग शहरी, इंटरनेट सामान्य गृहस्थाच्या उंबरठ्याशी नुकते कोठे येऊन ठेपले होते त्या काळात, कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांना संगणक आणि त्यासाठी लागणारी टेलिफोनची जोडणी विनामूल्य दिली, आणि मोबदल्यात एवढेच मागितले, की त्याचा वापर घरातील कोण किती करतो याची नोंद आम्हांस ठेवू द्यावी. ७३ कुटुंबांतील १६९ माणसांची ही कैफियत १९९८ साली प्रसिद्ध झाली. नवे साधन ही मंडळी प्रामुख्याने आप्तेष्टांशी पत्रव्यवहार करण्यासाठीच वापरीत असत; असे असूनही ज्याचा वापर अधिक, त्याचे घरातल्यांशी संभाषण कमी झालेले, परिचितांचे वर्तुळ आकुंचित झालेले आणि एकाकीपणा वाढलेला आढळला. हे सारे फरक अल्पच होते. पण वर्तमानपत्रांना अल्प गोष्टींचे वावडे असते, आणि गवगवा व्हायचा तो झालाच.

त्या गवग्यात पुढची हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानी गेली नाही. क्राउट यांनी त्याच लोकांची पुन्हा विचारपूस केली, शिवाय नव्या ४०६ जणांची जबानी घेतली, आणि २००२ साली असा निर्वाळा दिला, की पूर्वीचे दुष्परिणाम बहुतांशी ओसरले असून एकंदर लाभच दिसतो. परंतु तो सर्वांच्या पदरी सारखा पडत नाही. मनमिळाऊ माणसाचा एकाकीपणा वापरागणिक घटला, अबोल माणसाचा वाढला. माझ्या मते या संबंध विषयातील सर्वांत मोलाचा शोध हाच होय. नित्य पहाटे व्हॉट्सॲपवर सुप्रभाताची फुले धाडणाऱ्या काकांची आपण थट्टा करतो. त्या फुलांची पोच देऊन ‘काका, गुडघा कसा आहे?’ असे विचारणारी एखादी पुतणी ज्यांना आहे, त्या काकांविषयी चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरे दफ्तर त्याच शहरातील पिट्सबर्ग विद्यापीठाचे. ब्रायन प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील १९ ते ३२ वर्षे वयाच्या १,७८७ जणांना, फेसबुक-इन्स्टाग्रामादी ११ माध्यमांवर आपण किती वेळ घालविता आणि आपणांस कितपत एकटे वाटते, असे विचारले. दिवसाकाठी दोन तासांहून अधिक वेळ देणाऱ्यांत एकटेपणाची भावना तीव्र असण्याचा संभव, अर्ध्या तासाहून कमी वेळ देणाऱ्यांच्या मानाने, दुपटीच्या घरात निघाला. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. परंतु जबानी एकाच वेळी घेतलेली असल्यामुळे, माध्यमांत गुंतल्याने माणसे एकटी पडली की एकटी पडलेली माणसेच माध्यमांकडे वळली, याचा उलगडा तीवरून होणे शक्य नव्हते, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. तासांचा हिशेब मांडणे सोपे असते. या माणसाच्या घरी-दारी बोलायला कोण आहे, ही चौकशी अवघड, म्हणून ती मागे पडते.

कार्यकारणाचा छडा लावायचा तर वापर मुद्दाम कमी करून पाहावयास हवा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेलिसा हंट यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांवर रोज प्रत्येकी दहाच मिनिटे घालविण्याची मर्यादा तीन आठवड्यांपुरती घातली, आणि उरलेल्यांना नेहमीप्रमाणे वागू दिले. मर्यादा पाळणाऱ्यांचा एकाकीपणा आणि खिन्नता कमी झाली. गंमत अशी, की ज्यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते, केवळ आपल्या वापराची मोजदाद संशोधकांकडे पाठविण्याचे काम होते, त्यांचीही मनाची अस्वस्थता आणि इतरांच्या मौजेला आपण मुकतो आहोत ही रुखरुख कमी झाली. तेव्हा आपण किती वेळ घालवितो हे नुसते डोळ्यांसमोर राहणेही उपयोगी पडत असावे, असा तर्क हंट यांनी नोंदविला आहे.