पंधरवड्याचे अठ्ठेचाळीस तास

बारावीनंतर सगळेच कॅडेट एनडीएला जात नाहीत. कुणी एसएसबीतून परत येतो, कुणाचे मेडिकल अडते, कुणाला मुळातच दुसरे काही शिकायचे असते. त्यातले काही जण परदेशी जायचे ठरवतात आणि त्या यादीत ऑस्ट्रेलियाचे नाव असतेच. घरात बोलणी सुरू झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "तिकडे पार्टटाइम काम करून तो आपला खर्च काढेल." काम करता येते हे खरे आहे. मात्र त्या परवानगीला एक हिशेब जोडलेला आहे आणि तो विद्यार्थ्यानेच ठेवायचा असतो.

ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा म्हणजे सबक्लास ५००. त्यावर ८१०५ क्रमांकाची अट असते. तिच्यानुसार अभ्यासक्रम चालू असताना पंधरवड्यात ४८ तासांपर्यंत काम करता येते. ही मर्यादा १ जुलै २०२३ पासून लागू आहे. कोविडपूर्वी ती ४० तास होती. कॉलेजच्या ठरलेल्या सुट्टीत तासांचे बंधन नसते. उलट, अभ्यासक्रम सुरू होण्याआधी एक तासही काम करता येत नाही. महिनाभर आधी पोहोचून कमवू, असा बेत कुणी आखत असेल तर तो सोडून द्यावा.

खरी गोम आहे ती पंधरवडा मोजण्यात. इथे पंधरवडा म्हणजे सोमवारपासूनचे कोणतेही सलग चौदा दिवस. समजा एखाद्याने पहिल्या आठवड्यात १० तास काम केले, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात २२. दोन-दोन आठवड्यांच्या जोड्या लावल्या तर ४४ आणि ४२ तास होतात. सगळे ठीक वाटते. पण दुसरा आणि तिसरा आठवडा मिळूनही एक पंधरवडा होतो आणि त्याची बेरीज ५४ येते. अट मोडली! दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे तास एकत्र धरायचे. सायकलवरून जेवणाची पार्सले पोहोचवण्याचे कामही त्यातच येते. दुकानमालकाला तुमच्या दुसऱ्या कामाचे तास माहीत नसतात. म्हणून एक छोटी वही करावी : तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. गार्ड ड्यूटीचे रजिस्टर भरायची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा. हा नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि नेमक्या याच भीतीचा काही मालक फायदा घेतात. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांचे प्रकरण उघडकीस आले. तिथल्या काही दुकानांत परदेशी विद्यार्थ्यांकडून, त्यांत भारतीयही होते, चाळीस तास काम करून घेत आणि हिशेबात वीसच दाखवत. म्हणजे ताशी मजुरी निम्म्यावर. मुलगा कुरकुरला की उत्तर तयार : तू तासांची मर्यादा ओलांडली आहेस, तक्रार केलीस तर तुलाच परत पाठवतील. पुढे चौकशी झाली आणि कामगारांना १५ कोटी डॉलरहून अधिक थकबाकी परत द्यावी लागली. मर्यादा ओलांडायला लावणारा आणि मग तिचाच धाक दाखवणारा माणूस एकच होता, हे यातले ध्यानात ठेवण्यासारखे.

कायदा आज या बाबतीत विद्यार्थ्याच्या बाजूने बराच सरकला आहे. व्हिसाची अट मोडली गेली असली तरी केलेल्या कामाची पूर्ण मजुरी मागण्याचा हक्क जात नाही. व्हिसाचा धाक दाखवून कामगाराला अट मोडायला भाग पाडणे हा जुलै २०२४ पासून मालकाचा गुन्हा आहे. तक्रार फेअर वर्क ओंबुड्समन या सरकारी कार्यालयाकडे करता येते. कितीही तास काम करा, असा याचा अर्थ नव्हे. पण अडकलेल्या मुलाने गप्प बसून राबत राहावे, असाही नाही.

मजुरीचा दर माहीत हवा. १ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर आहे. दर वर्षी जुलैत ते बदलते. कॅज्युअल कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त मिळतात. २१ वर्षांखालच्यांचा दर मात्र कमी असतो, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाने मोठ्यांचा दर धरून घरचे अंदाजपत्रक करू नये.

कागदांपैकी सर्वांत आधी टॅक्स फाइल नंबर काढावा. तो कर कार्यालयाकडून फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. तो मालकाला दिला नाही तर सर्वांत वरच्या दराने कर कापला जातो. पगार झाल्यावर कामाच्या एका दिवसात पे-स्लिप मिळालीच पाहिजे. "रोखीत देतो, कागद कशाला?" म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. "एबीएन काढून ये" असे सांगणाऱ्यापासून तर अधिकच. एबीएन हा स्वतंत्र व्यावसायिकाचा नंबर आहे. दुकानात पाळी करणाऱ्या मुलाला तो काढायला लावला की कागदोपत्री तो कामगार राहतच नाही आणि किमान वेतनासकट बरेच काही हातचे जाते.

पालकांसाठी दोन गोष्टी. व्हिसा अर्जात प्रवास आणि फीखेरीज एका वर्षाच्या राहण्याच्या खर्चाचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. मे २०२४ पासून हा आकडा आहे. ते पैसे खरोखरच हाताशी हवेत, कारण पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो आणि परीक्षेच्या दिवसांत काम कमी करावेच लागते. दुसरे, मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तिथल्या राहण्याची आणि देखभालीची व्यवस्था आधी मान्य करून घ्यावी लागते. बारावी लवकर झालेल्यांच्या घरी हे विसरले जाते.

तिकडे घर बदलले की सात दिवसांत कॉलेजला नवा पत्ता कळवायचा. शिक्षण संपवून कायमचे परतताना मालकाने भरलेली निवृत्तिवेतनाची रक्कम मागता येते. तिच्यातून बराच कर कापला जातो; तरीही उरलेले पैसे आपल्याच घामाचे असतात, आणि अर्ज केल्याशिवाय ते मिळत नाहीत.