टर्बो गाडी आणि 'बॅक प्रेशर'चं पुराण

होस्टेलच्या पार्किंगमध्ये गाड्यांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "थोडं बॅक प्रेशर लागतंच रे, पाइप मोठा केलास की टॉर्क जातो!" या वाक्याचा एक उलटा भाऊही आहे. "तीन इंची पाइप टाक, गाडी उडेल!" दोन्ही अर्धसत्यं आहेत. अर्धसत्याच्या भरवशावर कोणी गॅरेजमध्ये हजारो रुपये मोजून येऊ नये, म्हणून हा लेख.

आधी बिनटर्बोचं इंजिन घेऊ, म्हणजे आपल्या बाइक्स. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेल्या वायूचा एक ठोका पाइपमधून सुसाट निघतो. पाइप योग्य मापाचा असेल, तर त्या ठोक्यामागे कमी दाबाची जागा तयार होते आणि ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. पाइप फार रुंद केला की वायूचा वेग पडतो, ओढ कमी होते आणि कमी आरपीएमला टॉर्क जातो. म्हणजे लोकांनी पाहिलं ते बरोबर, पण कारण भलतंच जोडलं. गेला तो वेग. नुसतं बॅक प्रेशर टॉर्क देत नाही, ते पिस्टनचं काम वाढवतं.

टर्बो आला की हिशोब बदलतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं. कल्पना सोपी आहे. बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची. आता टर्बाइनला काम मिळतं कशातून? त्याच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांच्या गुणोत्तरातून. (थर्मोच्या पेपरला हे सगळेच लिहितात, पार्किंगमध्ये मात्र विसरतात.) शिवाय ते ठोके टर्बाइनमधून जाताना बरेचसे मोडतात. त्यामुळे टर्बाइननंतरच्या पाइपकडून स्कॅव्हेंजिंगची फारशी अपेक्षाच नसते. त्याने फक्त वाट मोकळी ठेवायची.

एक उदाहरण करून बघू. समजा टर्बाइनच्या आधी २.० बार आणि नंतर १.३ बार ॲब्सोल्यूट दाब आहे. गुणोत्तर आलं सुमारे १.५४. नंतरचा पाइप मोठा करून १.३ चे १.१ केले. आता तेच गुणोत्तर मिळवायला आधीचा दाब १.६९ पुरतो. म्हणजे पाइपमध्ये वाचवले ०.२ बार, पण पिस्टनसमोरचा अडथळा कमी झाला ०.३ बारने! आणि आधीचा दाब तेवढाच असेल, तर टर्बाइनला जास्त जोर मिळतो, टर्बो लवकर वेग घेतो, लॅग कमी होतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तत्त्व मात्र पक्कं आहे.

पण हे फक्त टर्बाइननंतरच्या पाइपचं. इंजिन ते टर्बाइन हा मॅनिफोल्डचा तुकडा आखूडच हवा आणि उगाच रुंद नको. तिथे वायूची उष्णता आणि वेग जपायचा असतो. तो तुकडा मोठा केला, तर लॅग उलट वाढतो.

मग पाइप किती मोठा करायचा? प्रवाह तेवढाच ठेवला, तर घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दोन इंची पाइपात ही घट ९ धरली, तर अडीच इंचीत ती ३ च्या आसपास येते आणि तीन इंचीत सव्वाच्या जरा खाली. पहिल्या अर्ध्या इंचाने ६ मार्क मिळाले, दुसऱ्याने जेमतेम पावणेदोन! तीन इंची पाइप ३०० पीएसच्या पुढच्या गाड्यांना शोभतो. आपल्याकडच्या १.० ते १.२ लिटरच्या, शंभर-एकशेवीस पीएसच्या टर्बो पेट्रोल गाडीला तो दिला, तर मिळेल मुख्यतः आवाज, वजन आणि स्पीडब्रेकरवर ठणकन आदळणारा पाइप.

शिवाय अडथळा बहुतेक वेळा सरळ पाइपात नसतोच. वाकवताना चेपलेलं वळण, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर हे त्याचे खरे अड्डे. मेसचं दार रुंद करून काय फायदा, भात वाढणारा एकच असेल तर?

"मग कन्व्हर्टरच काढू," असं म्हणणारेही भेटतात. कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू निकामी करतो. तो काढून टाकणं म्हणजे आपल्या पिकअपसाठी मागच्या रिक्षावाल्याच्या छातीत धूर भरणं. कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशन सोडून मनमानी बदल करू देत नाही. त्यात वाट फारच मोकळी झाली, तर वेस्टगेटला बूस्ट आवरत नाही. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर सरकला, की ईसीयू स्वतःच पॉवर कापतो. पैसे गेले आणि पॉवरही!

तेव्हा मित्रांनो, कोणी पाइप बदलायला निघालाच, तर त्याला आधी दाब मोजायला सांगा. टर्बाइननंतरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात, सेन्सर काढून, तात्पुरता प्रेशर गेज बसवता येतो. फुल लोडवर काटा थोडासाच हलला, तर पाइप बिचारा निर्दोष आहे. ते पैसे टायर आणि ब्रेकवर घालावेत.