नमपायची आवृत्ती बाहेर कशी पडते

लायगो वेधशाळेने २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी टिपल्या आणि २०१९ मध्ये जगाने कृष्णविवराचे पहिले चित्र पाहिले. पहिल्या शोधात पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. या दोन्ही कामांच्या आकडेमोडीत नमपाय हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होते. पायथन भाषेत आकड्यांचे अवाढव्य तक्ते भराभर हाताळायचे, तर आज सगळे त्याच्याकडेच वळतात. त्याचा कोड गिटहब या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. पण संशोधक कोड वाचायला जात नाही. तो ‘पिप इन्स्टॉल’ची एक ओळ टंकतो आणि काही सेकंदांत काम सुरू होते. ती ओळ चालावी म्हणून पडद्यामागे जे करावे लागते, त्याला रिलीज काढणे म्हणतात.

एक आवृत्ती, चाळीस फाइली

नमपाय वापरायचे पायथनमधून, पण आतला वेगवान भाग बहुतांशी सी भाषेत आहे. सीमधला कोड आधी यंत्रभाषेत उतरवावा लागतो, आणि प्रत्येक यंत्राची भाषा निराळी. विंडोज, मॅक आणि लिनक्स वेगळे, इंटेल आणि आर्म प्रोसेसर वेगळे, त्यात पायथनच्या चार आवृत्त्या. असा गुणाकार झाला की नमपाय २.० साठी तयार फाइलींची संख्या चाळीसच्या घरात जाते. या तयार फाइलींना ‘व्हील’ म्हणतात. व्हील नव्हत्या तेव्हा अनेकांना कोड यंत्रभाषेत उतरवण्याचे काम, म्हणजे बिल्ड, आपापल्या संगणकावर करावे लागायचे. विंडोजवर त्यासाठीचा कम्पायलर बसवण्यातच कित्येकांचा उत्साह संपत असे.

बहुतेक व्हीलच्या पोटात आणखी एक सॉफ्टवेअर असते, ओपनब्लास. तक्त्यांचा गुणाकार वेगात होतो तो त्याच्यामुळे. कझुशिगे गोतो यांच्या गोतोब्लासवरून ते निघाले. ते सोबतच दिले नाही, तर नमपाय एक तर रडतखडत चालेल, नाही तर चालणारच नाही.

मुद्दाम जुन्या लिनक्सवर

लिनक्सवर एक अडचण आहे. नव्या लिनक्सवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्यावर बहुधा चालत नाही, कारण त्याला ग्लिबसी या मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती हवी असते. उलट मात्र चालते. विद्यापीठांतले मोठे संगणक तर वर्षानुवर्षे जुनी प्रणालीच चालवतात. म्हणून व्हील मुद्दाम जुन्या लिनक्सवर बांधतात. २०१६ मध्ये याचा पहिला नियम ठरला, तेव्हा आधार धरली होती २००७ची सेंटओएस ५. पुढे तो आधार सेंटओएस ७ पर्यंत आला. नव्या शोधांसाठीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून जुनाट यंत्रणेवर घडवायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण हा मला या साऱ्या व्यवहारातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

१.२६ नंतर २.० का?

ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी आधीच्या दोन लायब्रऱ्या एकत्र आणून नमपाय उभे केले. २००६ मध्ये १.० आली आणि २.० उजाडली ती जून २०२४ मध्ये. एवढी वर्षे पहिला आकडा बदलला नाही, कारण तो बदलणे म्हणजे ‘तुमचा जुना प्रोग्रॅम आता मोडू शकतो’ असे जाहीर करणे.

मोडायचे कशासाठी, तर एक उदाहरण पाहा. ६४-बिट विंडोजवर नमपायचा नेहमीचा पूर्णांक ३२-बिटच होता. म्हणजे सुमारे २१४ कोटींच्या पुढे गणित गेले की तक्त्यातले उत्तर गुपचूप चुकायचे, बऱ्याचदा उणे आकडा यायचा. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर बरोबर उत्तर देई. एकाच प्रयोगशाळेतल्या दोन टेबलांवर दोन निष्कर्ष निघावेत, आणि दोष ना डेटाचा ना माणसाचा! २.० मध्ये हे सुधारले. काही बदल वरवरचे, पण तेही नडणारे. उत्तर जिथे नुसते ३.० असे छापले जायचे, तिथे आता ‘एनपी.फ्लोट६४(३.०)’ असे दिसते. त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकात छापलेले उत्तर आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावरचे उत्तर जुळत नाही.

सर्वांत अवघड बदल डोळ्यांना दिसतच नाही. नमपायवर सायपाय, पांडाज अशी शेकडो पॅकेजे उभी आहेत. त्यांतली बरीचशी यंत्रभाषेच्या पातळीवर नमपायशी जोडलेली असतात, आणि १.x धरून बांधलेली पॅकेजे २.० सोबत चालणार नव्हती. तोडगा असा निघाला की २.० धरून बांधलेले पॅकेज जुन्या १.x वरही चालावे. मग ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे जवळजवळ अंतिम आवृत्ती, कित्येक आठवडे आधी बाहेर ठेवली आणि इतरांना तयारीला वेळ दिला. सायपाय १.१३ एप्रिलमध्येच सज्ज झाली होती.

सुटलेला बाण

पायथनची पॅकेजे ठेवण्याची सार्वजनिक जागा म्हणजे पायपीआय. तिथे एकदा चढवलेल्या फाइलीचे नाव पुन्हा वापरता येत नाही, ती फाइल पुसून टाकली तरीही. चूक सापडली तर पुढचा आकडा घेऊन नवी आवृत्ती काढायची. म्हणूनच २.० पाठोपाठ जुलैमध्ये २.०.१ आली. फार तर सदोष आवृत्ती ‘यँक’ करता येते. मग आकडा न सांगता इन्स्टॉल करणाऱ्याला ती मिळत नाही, पण नेमकी तीच मागणाऱ्याला मिळते. एखाद्या शोधनिबंधाची पडताळणी करणाऱ्याला कदाचित तीच सदोष आवृत्ती हवी असेल, तेव्हा ही सोय रास्तच.

फाइल आणि कोड एकच आहेत ना?

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना तो आंद्रेस फ्रॉइंड यांच्या हाती लागला. चोरदरवाजा चालू करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त रिलीज म्हणून वाटलेल्या फाइलीत होती. मूळ कोड हजार डोळ्यांनी तपासला असता तरी उपयोग नव्हता. म्हणून व्हील कुणाच्या लॅपटॉपवर बनवू नयेत, सार्वजनिक यंत्रणेवर, सगळ्या नोंदी उघड ठेवून बनवाव्यात. पायपीआयने एप्रिल २०२३ पासून अशा यंत्रणेला कायमच्या पासवर्डाशिवाय थेट फाइल चढवण्याची सोय दिली आहे. चोरायला पासवर्डच नाही, हे बरे.

शोधनिबंधात काय लिहावे

नमपायवरचा लेख २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि लोक त्याचा संदर्भ देतात. श्रेय म्हणून ते योग्यच, पण पूर्णांकाची वरची गोष्ट पाहता तेवढे पुरत नाही. आवृत्तीचा आकडा आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहायलाच हवी. स्वतःचा कोड असेल तर सर्न चालवत असलेल्या झेनोडो या संग्रहावर प्रत्येक रिलीजची प्रत ठेवता येते आणि तिला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो. गिटहबशी एकदा जोडणी केली की हे आपोआप होते.

हे करते कोण?

नमपायच्या बहुतेक आवृत्त्या वर्षानुवर्षे चार्ल्स हॅरिस यांच्या हातून बाहेर पडल्या आहेत. प्रकल्पाला पहिला स्वतंत्र निधी मिळाला २०१७ मध्ये, १.० नंतर अकरा वर्षांनी. तोवर सारी मदार स्वयंसेवकांवर होती. प्रत्येक रिलीजसोबत हातभार लावणाऱ्यांची यादी छापतात. त्यात काही नावांपुढे अधिकचे चिन्ह असते. ती माणसे पहिल्यांदाच आलेली. कुणी सी कोडमधला दोष दुरुस्त केलेला असतो, तर कुणी वापरपुस्तिकेतली एक ओळ. यादीत दोघांचीही नावे वर्णानुक्रमानेच येतात.